ऑक्टोपसी, १९८३ साल आणि आमचा अंबरनाथचा भोंगा



या वेळी जेम्स बॉन्डवर लिहिते आहे म्हटल्यावर घरातली मंडळी हसलीच. सारं आयुष्य आठवी ते दहावीच्या मुलांना इतिहास आणि मराठी शिकवण्यात गेलं. त्या बाईंना बॉन्डशी काय देणंघेणं, असं वाटणं साहजिक आहे. पण गेल्या महिन्यात नातवाच्या हट्टापायी 'ऑक्टोपसी' पुन्हा एकदा पाहिला आणि डोक्यात विचारांची चक्रं सुरू झाली. वर्गात मी मुलांना नेहमी सांगायची, की ताम्रपट, बखर, नाणं यांच्याइतकाच सिनेमाही इतिहासाचं साधन आहे. फक्त तो ज्या काळाची गोष्ट सांगतो त्यापेक्षा ज्या काळात निघाला त्या काळाबद्दल जास्त खरं बोलतो. 'ऑक्टोपसी' ही १९८३ सालची बखर आहे असं समजून आज आपण ती वाचू या.

आधी थोडी माहिती. १९६२ च्या 'डॉक्टर नो'पासून सुरू झालेली ही मालिका २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत पंचवीस चित्रपटांवर गेली. त्यातला हा तेरावा. दिग्दर्शक जॉन ग्लेन, नायक रॉजर मूर. जून १९८३ मध्ये तो लंडनमध्ये प्रदर्शित झाला तेव्हा मूरसाहेबांनी पंचावन्नी ओलांडली होती, आणि बॉन्ड म्हणून हा त्यांचा सहावा चित्रपट. मूळ लेखक इयन फ्लेमिंग १९६४ मध्येच वारले. त्यांच्या मरणानंतर १९६६ मध्ये याच नावाचं पुस्तक निघालं, पण त्यातल्या गोष्टीत भारताचा मागमूस नाही. ती घडते जमैकात. तिच्यातला एक मेजर आणि त्याची चोरलेल्या सोन्याची भानगड एवढंच चित्रपटात नायिकेच्या वडिलांची हकिकत म्हणून आलं आहे. लिलावाचा प्रसंग फ्लेमिंगच्याच दुसऱ्या एका गोष्टीतून उचललेला. बाकी सगळा डोलारा पटकथाकारांनी उभा केला आणि तो आणून ठेवला आपल्या उदयपूरला.

गोष्ट थोडक्यात अशी. पूर्व बर्लिनच्या सर्कशीतून विदूषकाच्या वेषातला एक ब्रिटिश हेर पळतो आणि मरता मरता रशियन झारच्या खजिन्यातलं एक रत्नजडित अंडं ब्रिटिश राजदूताच्या घरात टाकून जातो. अंडं निघतं नकली! खऱ्या अंड्याचा लंडनमध्ये लिलाव असतो. तिथे कमाल खान नावाचा परागंदा अफगाण राजपुत्र पाच लाख पौंड मोजून ते विकत घेतो. त्याचा माग काढत बॉन्ड भारतात येतो. इथे त्याला भेटते ऑक्टोपसी. तळ्यातल्या महालात नुसत्या बायकांचं राज्य चालवणारी, सर्कशीच्या आडून जवाहिरांची चोरटी ने-आण करणारी. पण तिच्याही नकळत ऑर्लोव्ह नावाच्या सोव्हिएत जनरलने या सर्कशीचा वेगळाच उपयोग ठरवलेला असतो. पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकन हवाई तळावर सर्कशीच्या सामानातून अणुबाँब न्यायचा आणि फोडायचा. जगाला वाटणार, अमेरिकेचाच बाँब चुकून फुटला. मग युरोपातले लोक घाबरून म्हणणार, तुमचे बाँब आमच्या दारातून घेऊन जा. आणि एकदा ते गेले, की सोव्हिएत रणगाड्यांना मैदान मोकळं!

शेवटी काय होतं ते बॉन्डपट पाहणाऱ्यांना सांगायला नको. बॉन्ड स्वतःच विदूषकाचं तोंड रंगवून सर्कशीच्या तंबूत घुसतो आणि शेवटच्या क्षणी बाँब निकामी करतो.

आता आपल्या देशाबद्दल. भारत दाखवताना या लोकांनी काही म्हणजे काही शिल्लक ठेवलेलं नाही. गारुडी आहे, खिळ्यांच्या पलंगावरचा साधू आहे, निखाऱ्यांवरून चालणारा आहे, तलवार गिळणारा आहे, हत्तीवरून शिकार आहे, राजवाड्यातल्या ताटात मेंढ्याचं मुंडकं आहे. ताजमहालाचं ओझरतं दर्शन घडवून कॅमेरा आपल्याला उदयपूरच्या तळ्याकाठी आणून सोडतो, जणू आग्र्याचंच ते पुढचं स्टेशन! रिक्षाच्या पाठलागात बॉन्ड गर्दीत नोटा उधळतो आणि लोक त्यावर तुटून पडतात. जिंकलेल्या नोटांची पुडकी तो आपल्या भारतीय साथीदारांच्या हातात देतो तेही आता तुमची आमटीभाताची सोय झाली अशा थाटात. हे पाहताना मी नातवाकडे बघितलं. तो हसत नव्हता. "आजी, हे जरा उद्धट आहे ना?" म्हणाला. मला बरं वाटलं.

तरी दोन गोष्टी आवडल्या. टेनिसपटू विजय अमृतराज यात बॉन्डचा मदतनीस झाला आहे. १९७३ आणि १९८१ अशी दोन वर्षं विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचलेला हा माणूस यात गुंडांना रॅकेटने झोडपतो आणि बघ्यांच्या माना टेनिसच्या सामन्यासारख्या डावी-उजवीकडे वळत राहतात. गंमत वाटते. पण हा एवढा हसरा, कामाचा माणूस मध्येच हकनाक मारला जातो आणि बॉन्ड फार काळ शोक करत बसत नाही. दुसरे आपले कबीर बेदी. त्यांचा गोविंदा तोंडाने फारसं बोलत नाही, पण खेळातले फासे मुठीत चुरडतो तेव्हा काय जरब बसते!

इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र पात्रांच्या मागच्या भिंतींकडे बघावं. ऑक्टोपसीचा महाल म्हणून जो दिसतो तो पिछोला तलावातला जगनिवास, अठराव्या शतकात महाराणा दुसरे जगतसिंह यांनी बांधलेला. १९६३ मध्ये महाराणा भगवतसिंह यांनी त्याचं हॉटेल केलं. कमाल खानाचा वाडा म्हणून दिसतो तो डोंगरावरचा सज्जनगड. (आपल्या समर्थांचा नव्हे बरं का, महाराणा सज्जनसिंहांचा!) संस्थानं १९४७-४८ मध्ये विलीन झाली, डिसेंबर १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले आणि एवढाले वाडे पोसायचे कसे हा प्रश्न राजेरजवाड्यांपुढे उभा राहिला. कित्येक राजवाड्यांची हॉटेलं झाली ती अशी. परदेशी कंपनी सिनेमाचं सामान घेऊन थेट महालात शिरू शकली त्यामागे हा सगळा इतिहास आहे. पडद्यावर मात्र आपल्याला महाराजांचा 'सनातन' भारत दिसतो. प्रत्यक्षात १९८२ मध्ये हे चित्रीकरण चालू होतं तेव्हा दिल्लीत इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या आणि लंडनमध्ये मार्गारेट थॅचर! दोन्ही देश बायका चालवत होत्या, आणि चित्रपटातली बायकांच्या राज्याची राणी शेवटी बॉन्डच्या गळ्यात पडल्याशिवाय राहत नाही. असो.

खऱ्या-खोट्या अंड्याचा प्रकार पाहताना मला आमच्या शेजारच्या उल्हासनगरची आठवण न होती तरच नवल. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या भागात लहान मुलांनाही पाठ असे. हुबेहूब नक्कल करावी तर तिथल्या कारागिरांनीच! झारचं अंडं दिलं असतं तर आठ दिवसांत डझनभर करून दिली असती, असं आम्ही सिनेमा बघताना म्हणालोही. पण थट्टा करताना मागची गोष्ट विसरू नये. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेली कल्याणची छावणी म्हणजे हे गाव. फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी माणसं तिथल्या बराकींत येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं, तरी आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प नंबर चार' असंच सांगतात. पापड-लोणची विकत, लोकलमध्ये फेरी करत, घरात यंत्र टाकून या लोकांनी पुन्हा संसार उभे केले. चित्रपटातला परागंदा राजपुत्र रत्नजडित अंडी विकत घेतो. आम्ही पाहिलेले घरदार सोडून आलेले लोक एका बराकीत मध्ये पडदे टाकून चार-चार कुटुंबं राहत होती. देशोधडीला लागणं म्हणजे काय, हे पाहायचं तर महालात नव्हे, बराकीत पाहावं.

आता येते मुख्य मुद्द्यावर. हा चित्रपट हसण्यावारी नेण्यासारखा आहे, असं पुष्कळ समीक्षक म्हणतात. बॉन्ड वाघाला 'बस' म्हणतो, वेलींना लोंबकळत टारझनसारखा ओरडतो, मगरीच्या सोंगात पाण्यातून पोहत जातो. हे सगळं खरंच. पण या पोरकटपणाच्या पोटात एक अस्सल भीती लपलेली आहे.

१९७९ च्या डिसेंबरात पश्चिमेकडच्या देशांच्या 'नाटो' संघटनेने ठरवलं होतं, की सोव्हिएत संघ ऐकत नसेल तर पश्चिम युरोपात अमेरिकेची नवी अण्वस्त्रं आणून बसवायची. त्याच महिन्यात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. पुढची तीन-चार वर्षं युरोपातले लाखो लोक या अस्त्रांविरुद्ध रस्त्यावर उतरत होते. ऑर्लोव्हचा बेत या लोकभावनेवरच बेतलेला आहे. आणि चित्रपटात त्याला विरोध कोण करतं? तर सोव्हिएत गुप्तहेर संघटनेचा, म्हणजे केजीबीचा प्रमुख जनरल गोगोल! हा शहाणा, शांततावादी म्हातारा दाखवला आहे. योगायोग बघा, चित्रपट तयार होत असतानाच, नोव्हेंबर १९८२ मध्ये, ब्रेझनेव्ह वारले आणि त्यांच्या जागी आले आंद्रोपोव्ह, जे पंधरा वर्षं केजीबीचेच प्रमुख होते. फक्त हे खरे आंद्रोपोव्ह गोगोलइतके निश्चिंत नव्हते. अमेरिका आपल्यावर अचानक हल्ला करणार, या शंकेने त्यांना पछाडलं होतं.

चित्रपट जूनमध्ये आला. त्यानंतर तीनच महिन्यांत, १ सप्टेंबर १९८३ रोजी, कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि ते पाडण्यात आलं. २६९ माणसं गेली. त्याच महिन्यात २६ तारखेला मॉस्कोच्या दक्षिणेकडच्या एका भूमिगत केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव्ह नावाचा अधिकारी रात्रपाळीला होता. उपग्रहाकडून इशारा आला, अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलं. मग आणखी चार. नियमाप्रमाणे त्याने वर कळवायचं आणि वरच्यांनी काही मिनिटांत उत्तर द्यायचं. पेत्रोव्हने विचार केला, युद्ध सुरू करायचं तर कोणी पाचच क्षेपणास्त्रं सोडेल का? जमिनीवरच्या रडारवर तर काहीच दिसत नव्हतं. त्याने 'इशारा खोटा' असं कळवलं आणि वाट पाहत बसला. काहीच आलं नाही. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. जगाला ही हकिकत कळली थेट नव्वदच्या दशकात. पेत्रोव्ह २०१७ मध्ये वारले.

मला इथे आपला कौटिल्य आठवला. अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती लागली आणि १९०९ मध्ये छापून निघाली. तिच्यात गुप्तहेरांवर अख्खे अध्याय आहेत. विद्यार्थ्याच्या वेषातला कापटिक, संन्याशाच्या वेषातला उदास्थित, व्यापाऱ्याच्या वेषातला वैदेहक, शिवाय भिक्षुकी. नट, नर्तक, गायकही या कामाला लावावेत असं तो सांगतो. म्हणजे सर्कशीच्या आडून हेरगिरी ही काही या पटकथाकारांची नवी अक्कल नव्हे. (सर्कशीचा विषय निघालाच आहे तर आपल्या विष्णुपंत छत्र्यांना नमस्कार करू या, ज्यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली.) पण कौटिल्याची मला सर्वांत आवडलेली सूचना वेगळीच आहे. एकाच हेराच्या बातमीवर विश्वास ठेवू नये, एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांची बातमी जुळली तरच ती खरी मानावी. पेत्रोव्हने कौटिल्य वाचला असेल असं वाटत नाही. पण एका यंत्राच्या साक्षीवर जगाचा निकाल लावायचा नाही, हा विवेक तोच.

नोव्हेंबर १९८३ मध्ये 'नाटो'ने अणुयुद्धाचा एक सराव केला. हा सराव नसून खरा हल्लाच आहे की काय, अशी धास्ती मॉस्कोत काहींनी घेतली. ही धास्ती लंडनला कळली ती ओलेग गोर्दियेव्हस्की या माणसामुळे. हा केजीबीचाच अधिकारी, लंडनच्या सोव्हिएत वकिलातीत नेमणुकीला, आणि १९७४ पासून गुपचूप ब्रिटिशांना माहिती देणारा. मॉस्कोहून वकिलातीला हुकूम येत होते, सरकारी कचेऱ्यांच्या खिडक्यांत रात्री किती दिवे जळतात ते मोजा, रक्त गोळा करण्याचं प्रमाण वाढलं आहे का ते पाहा. म्हणजे ब्रिटन युद्धाच्या तयारीला लागलं आहे का ते कळेल. त्याने ब्रिटिशांना सांगितलं, की हे लोक सोंग करत नाहीत, ते खरोखर घाबरले आहेत. ही गोष्ट वॉशिंग्टनपर्यंत पोचली आणि पुढे रेगन यांची भाषा मवाळ होण्यामागे तिचाही वाटा होता, असं पुष्कळ इतिहासकार मानतात. १९८५ मध्ये त्याच्यावर संशय आला, तेव्हा ब्रिटिशांनी त्याला मोटारीच्या डिकीत दडवून फिनलंडच्या सरहद्दीपार नेलं. २०२५ च्या मार्चमध्ये तो इंग्लंडात वारला. स्वतःच्या देशाला फितूर झालेल्या माणसाला मोठं म्हणावं का, हा वाद वर्गात दोन तास चालेल असा आहे. पण त्या वर्षी त्याने जे काम केलं त्याला एकही गोळी लागली नाही. समोरच्याच्या मनात काय आहे एवढंच त्याने नीट सांगितलं.

आणि आता चित्रपटातला तो प्रसंग पाहा. विदूषकाचा रंग तोंडाला फासलेला बॉन्ड भर तंबूत ओरडून सांगतो आहे, इथे बाँब आहे, लोकांना बाहेर काढा. सगळे हसताहेत. शिपाई त्याला धरताहेत. खरं सांगणारा माणूस विदूषक दिसतो म्हणून त्याचं कोणी ऐकत नाही. शेवटी ऑक्टोपसीला पटतं आणि तीच पेटीचं कुलूप गोळीने उडवते. सगळ्या चित्रपटात मला हा एकच प्रसंग थोर वाटला. हेराने जिवावर उदार होऊन बातमी आणली तरी ती ऐकायला कोणी तयार असावं लागतं. शिवाजी महाराजांच्या बहिर्जी नाईकांची आपण वाखाणणी करतो. जानेवारी १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी त्यांनी शहराची बित्तंबातमी काढली, असं आपण शिकवतो. पण त्यांच्या बातमीवर विश्वास ठेवून त्याप्रमाणे पाऊल टाकणारा राजा होता, हे सांगायला विसरतो.

आता घरची गोष्ट. माझा थोरला भाऊ अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला होता. आमच्या गावाला दोनच भोंगे ठाऊक, एक काडेपेट्यांच्या विम्कोचा आणि एक 'ऑर्डनन्स'चा. गावचं घड्याळच त्यावर चालायचं. दादा सकाळी डबा घेऊन जायचा, गेटावर पास दाखवायचा, आणि संध्याकाळी यायचा. आत काय बनतं, हे त्याने घरात कधी म्हणजे कधी सांगितलं नाही. १९२३ च्या सरकारी गुपितांच्या कायद्यावर सही केलेली. १९७१ च्या डिसेंबरात खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले असताना तो डबल पाळ्या करून यायचा, हातपाय धुऊन मुकाट जेवायचा. आई विचारायची, "काय रे, फार काम आहे का?" तो म्हणायचा, "आहे थोडं." बस्स. वहिनीलासुद्धा त्याहून जास्त ठाऊक नव्हतं.

आशियाडनंतर घरोघरी रंगीत टीव्ही आले आणि रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणून चाळभर सिनेमे बघायची टूम निघाली. 'ऑक्टोपसी' आम्ही तेव्हा पहिल्यांदा बघितला, दादाही होता. इंग्रजी संवाद निम्मे कळले नाहीत. बॉन्डने नेहमीप्रमाणे आधी आडनाव आणि मग सगळं नाव सांगितलं तेव्हा दादा मोठ्याने हसला. "हा कसला हेर रे? भेटेल त्याला नाव सांगत सुटतो! आमच्या गेटावर एक दिवस टिकायचा नाही."

दादा आता नाही. त्याच्या माघारी मुलांनी कपाट आवरलं तर जुना पास निघाला, बढतीची दोन-चार पत्रं निघाली. मुलगा म्हणाला, "आत्या, बाबा नेमकं काय करायचे गं?" मला उत्तर देता आलं नाही. मी इतिहास शिकवला, पण पाठच्या घरातला इतिहास मला ठाऊक नाही, आणि तो आता कधी कळणारही नाही. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डच विसर्जित होऊन देशभरच्या कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. पाट्या बदलल्या. त्या पाट्यांमागे तीस-पस्तीस वर्षं तोंड मिटून काम केलेली हजारो माणसं आमच्या अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींतून म्हातारी झाली. त्यांच्यावर कोणी सिनेमा काढणार नाही, आणि त्यांनाही ते नकोच असेल.

अशा गप्प बसलेल्या माणसांवर क्वचित सिनेमा निघतोही. त्यातही हेच रॉजर मूर आहेत! 'ऑक्टोपसी'च्या आधी ते गोव्याला येऊन गेले होते, १९८० च्या 'द सी वुल्व्ह्ज'साठी. त्यामागची घटना खरी आहे. महायुद्धात गोवा पोर्तुगीजांचा, म्हणजे तटस्थ. मुरगाव बंदरात 'एहरेनफेल्स' नावाचं जर्मन जहाज अडकून पडलं होतं आणि त्यावरून आपल्या पाणबुड्यांना बातम्या जातात असा ब्रिटिशांचा संशय होता. उघड हल्ला करता येईना. तेव्हा कलकत्ता लाइट हॉर्स या पलटणीतली मंडळी, बरीचशी पोक्त वयाची, कचेऱ्यांत नोकरी-व्यापार करणारी, एका जुनाट बोटीतून आली आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री त्यांनी जहाजावर चाल केली. जहाज बुडालं. त्यानंतर ही माणसं आपापल्या कचेरीत परतली आणि गप्प राहिली. जेम्स लेझर यांचं त्यावरचं पुस्तक १९७८ मध्ये निघालं, तेव्हा म्हणजे पस्तीस वर्षांनी, जगाला सविस्तर हकिकत कळली. दादाला ही गोष्ट मी सांगितली होती. तो म्हणाला, "हे खरे."

तर मंडळी, 'ऑक्टोपसी' बघावा का? जरूर बघावा. उदयपूरचं तळं बघावं, विजय अमृतराजचं हसू बघावं, जॉन बॅरीचं संगीत ऐकावं, आणि भारताची जी चेष्टा केली आहे ती डोळसपणे ओळखावी. पण मुलांबरोबर बघत असाल तर एवढं करा, सिनेमा संपल्यावर त्यांना पेत्रोव्हची गोष्ट सांगा. हल्ली आपल्याकडेही हेरपटांची लाट आली आहे. २०१२ च्या 'एक था टायगर'पासून पाहावं तर प्रत्येक हेर छपरावरून उड्या मारतो. मुलांना वाटतं, देशासाठी काही करायचं म्हणजे असंच काहीतरी धडाकेबाज. माझ्या नातवालाही तसंच वाटत होतं. त्याला मी विचारलं, "त्या सगळ्या वर्षात जग कोणी वाचवलं, सांग बघू?" तो बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, "ज्याने बटण दाबलं नाही, त्याने."

शंभरपैकी शंभर दिले त्याला.

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर भागातल्या ज्यांच्या घरचं कोणी या कारखान्यांत होतं, त्यांनी आपल्या आठवणी जरूर लिहून ठेवाव्यात. गुपितं नकोत हो! कितीच्या लोकलने जायचे, डब्यात काय असायचं, भोंगा झाला की आई काय म्हणायची, एवढंच. तेवढाही इतिहास पुरे आहे.